शाळेच्या अंगणात चाललं, ते यूट्यूबवर का चालत नाही?

बाई, नमस्कार.

वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली तुमची मराठी प्राथमिक शाळा १९२४ ची. शताब्दीच्या निमित्तानं माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेची वेबसाइट आणि यूट्यूब चॅनेल सुरू केलं. त्यावर १९७४ च्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची पानं, जुने फोटो, मुलांनी म्हटलेल्या कविता, गावातल्या आज्ज्यांच्या ओव्या, वर्तमानपत्रांतली कात्रणं, दोन कन्नड कवितांचे तुम्ही केलेले अनुवाद आणि गॅदरिंगचे व्हिडिओ घालायचे आहेत. गॅदरिंगमधल्या नाचाचा पहिलाच व्हिडिओ चढवला आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज बंद झाला. म्हणून तुम्ही विचारताय: "आम्ही सगळ्यांची नावं देतोय, एक रुपया मिळवत नाही, काम मराठीसाठी करतोय. तरी कॉपीराइट आडवा येतो का?"

येतो. मी बेळगावच्या शहापुरात वीस वर्षं छापखाना चालवला आणि गेली दहा-बारा वर्षं संस्थांचे जुने अंक ऑनलाइन आणून देणं, त्यासाठी परवानग्या गोळा करणं हेच काम करतोय. वकील नाही, कोर्टाची पायरी दिसली की वकिलाकडेच जायचं. पण तुमची ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकलीत की उत्तर तोंडपाठ झालंय. परवाच एका युवक मंडळाचा पोरगा म्हणाला, "नाव घातलंय की खाली, आनी काय पायजे?" नाव घालणं हे लेखकाला द्यायचं वेगळं देणं आहे, ते परवानगीच्या जागी चालत नाही. पैसे न मिळवणं शिक्षेच्या वेळी उपयोगी पडतं. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण तेवढ्यानं उचललेलं आपलं होत नाही. आणि भाषेच्या सेवेला कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, कुठंही सूट नाही. सीमाभागात आपल्याला सवय लागलीय: मराठी पुस्तकं इथं सहज मिळत नाहीत, शाळेचा पट टिकवताना दम लागतो, त्यामुळे मराठीत काहीही चढवलं की ते पुण्यच. असेलही. पण ज्यानं ती कविता लिहिली त्यानंही मराठीचंच काम केलं होतं, आणि त्याला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आता गॅदरिंगचा व्हिडिओ. तुमचा सगळ्यात मोठा गोंधळ इथंच आहे आणि तो रास्त आहे, कारण अंगणात तुम्ही काहीच चुकीचं केलं नव्हतं. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणं, नाटुकलं केलं, स्पीकरवर ध्वनिमुद्रित गाणं लावलं आणि समोर मुलं, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं बसली असतील, तर कलम ५२ त्याला उघड सूट देतं. ही सूट प्रेक्षकांवर बेतलेली आहे. समोर कोण बसलंय ते ठरलेलं आहे म्हणून ती मिळते. तोच नाच तुम्ही यूट्यूबवर घातला की प्रेक्षक पालक राहत नाहीत, सगळं जग होतं, आणि सूट अंगणातच राहते. गावच्या जत्रेतल्या हौशी नाटकाचंही तसंच. तिकीट न लावता हौशी मंडळानं नाटक केलं तर ते सवलतीत बसतं. पूर्ण नाटकाचं शूटिंग चॅनेलवर चढवणं हा वेगळा वापर झाला आणि त्यासाठी नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी वेगळी लागते. लग्नाच्या वरातीत, धार्मिक विधीत गाणी वाजवायलाही कायद्यात मुभा आहे. वरातीचा व्हिडिओ मात्र वरात नव्हे.

तुमच्या व्हिडिओचा आवाज गेला तो कुणी माणसानं तक्रार केली म्हणून नव्हे. गाण्यांचे मालक आपली ध्वनिमुद्रणं यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदवून ठेवतात, नव्या व्हिडिओतला आवाज त्यांच्याशी आपोआप ताडला जातो. जुळला तर मालकानं आधी सांगून ठेवल्याप्रमाणे आवाज बंद होतो, किंवा जाहिरात लागून तिचे पैसे मालकाला जातात, किंवा व्हिडिओ दिसेनासा होतो. याला क्लेम म्हणतात. यानं चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक वेगळी: मालकानं रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की ती बसते, नव्वद दिवस राहते, आणि त्या मुदतीत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. तुमची माजी विद्यार्थी मंडळी रागाच्या भरात "आम्ही शाळा आहोत, सूट आहे" असं लिहून प्रतिदावा, म्हणजे क्लेमवर लेखी हरकत, भरायला निघालीत असं कळलं. नका भरू. त्यात तुम्ही कायदेशीर निवेदनावर सही करताय, आणि ते समोरच्याकडे जातं. इथं तुमची बाजू लंगडी आहे.

"मग पेटीवर मुलांकडूनच गाणं म्हणवून घेतो" हा तुमचा उपाय अर्धाच बरोबर. एका सिनेगीतात तीन थर असतात: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. पेटीवर म्हटलं की तिसरा थर गेला, पहिले दोन तसेच. त्यापेक्षा सरळ वाट आहे. तुकोबांचा अभंग घ्या, गावातल्या भजनी मंडळाच्या पारंपरिक चालीत म्हणवून घ्या. शब्दांवर कुणाचा हक्क नाही, चालीवर नाही, ध्वनिमुद्रण तुमचं. फक्त प्रसिद्ध गायकाची बांधलेली चाल उचलू नका. अभंग जुना म्हणून चाल जुनी असतेच असं नाही. आणि दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात ही जी आकडेवारी गावभर फिरते, तिला कायद्यात आधार नाही.

आता स्मरणिका. याच्यावर जरा बसून बोलू, कारण शताब्दीचं खरं धन तेच आहे. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. ८४ पानं, खिळ्यांची (म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची) जुळणी, मुखपृष्ठावर चित्रकलेच्या सरांनी काढलेली शाळेची कौलारू इमारत, आत ब्लॉकवरून छापलेले फोटो. "स्मरणिका शाळेची, म्हणजे हक्क शाळेचा" असं तुम्ही लिहिलंय. संपूर्ण संकलन, त्याची मांडणी, संपादकीय यापुरतं ते धरून चालू. पण आतला प्रत्येक लेख, प्रत्येक कविता ज्याची त्याची. शिक्षकानं शाळेत नोकरी करताना लिहिली म्हणून कविता शाळेची होत नाही. कविता लिहिणं हे त्याचं नेमून दिलेलं काम नव्हतं. लेखकांनी १९७४ ला छापायला दिलं ते छापण्यापुरतं. ऑनलाइन हा शब्दही तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकला नव्हता.

मग प्रत्येक पानाचं काय करायचं? मी एक जाडी वही घालतो. डाव्या बाजूला पान क्रमांक आणि लेखक, उजव्या बाजूला लेखक हयात की नाही, वारलेले असतील तर साल, वारस कोण, परवानगी कधी मिळाली, कागद कुठं ठेवलाय. तुमच्या पान १२ वरची कविता घ्या. गुरुजी ऑगस्ट १९७८ मध्ये वारले असं तुम्ही कळवलंय. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे १ जानेवारी १९७९ पासून साठ वर्षं. हक्क ३१ डिसेंबर २०३८ पर्यंत त्यांच्या मुलांचा. पान ३१ वर "एक माजी विद्यार्थी" एवढंच आहे. निनावी लेखनाला प्रसिद्धीपासून साठ वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत. मधेच लेखक उघड झाला तर त्याच्या मृत्यूपासूनची मोजणी लागू. गावात विचारा. ५० वर्षांपूर्वीचा "एक माजी विद्यार्थी" कोण हे कुणाला तरी नक्की माहीत असतं, बहुधा आतापर्यंत आख्ख्या गल्लीला.

समूह-फोटो मात्र तुमचे. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, स्टुडिओचा नव्हे. शाळेनं फोटोग्राफर बोलावला, बिल दिलं, हक्क शाळेचा. हे ऐकून आपल्याकडचे फोटोवाले माझ्याशी भांडतात, कारण लग्नाचे फोटो आपल्या पानावर जाहिरातीसाठी टाकायची त्यांना सवय आहे. खरं तर तिथं त्यांनीच नवरा-नवरीला विचारायला हवं.

जाहिरातींचं तुम्ही खास विचारलंय: खडेबाजारातल्या कापडदुकानाची, खानापुरातल्या भात गिरणीची. माझं मत सांगतो, त्याला फक्त अनुभवाचा आधार आहे. पानाचा भाग म्हणून आहे तशा राहू द्या. कातरून, वेगळ्या करून "जुन्या जाहिराती" म्हणून सजवू नका. आहे तशा ठेवल्यानं कुणी दुखावल्याचं मी पाहिलं नाही.

१९५८ च्या आधी काढलेल्या फोटोंची चिंता सोडा. तेव्हाच्या नियमानं फोटो काढल्यापासून पन्नास वर्षांनी हक्क संपत होता, आणि ती मुदत केव्हाच उलटली. त्यामुळे शाळा उघडली त्याच वर्षी, १९२४ च्या डिसेंबरात, बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जे काँग्रेस अधिवेशन भरलं, त्याचे फोटो तुम्ही बिनधास्त लावा. गांधीजींचं स्वतःचं लेखनही १ जानेवारी २००९ पासून खुलं आहे. पण नव्या पुस्तकातून फोटो घेताना त्याखालची माहिती शब्दशः उचलू नका. फोटो जुना, ओळी नव्या. कुणी रंग भरून नवं रूप दिलं असेल तर तेही टाळा, मूळ काळा-पांढरा शोधा.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. २०११ साली एका दिवाळी अंकाची ऑनलाइन आवृत्ती करताना गोकाकच्या धबधब्याचा फोटो हवा होता. पावसाळा सरलेला, माणूस पाठवायला वेळ नव्हता, नेटवर शोधला आणि लावला. खाली "छायाचित्र: इंटरनेट" असं लिहिलं, आणि लिहिताना आपण प्रामाणिकपणा केला असंच वाटलं. तीन महिन्यांनी फोटो काढणाऱ्याचा फोन. माणूस ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "या फोटोसाठी मी दोन दिवस भिजत उभा होतो, आणि तुम्ही माझं नाव इंटरनेट ठेवलंत." आठ हजार रुपये दिले, फोटो काढला, माफीची ओळ महिनाभर ठेवली. आठ हजारांत तेव्हा आमच्याकडे अंकाचा आख्खा कागद आला असता. इंटरनेट, गूगल, व्हॉट्सॲप ही मालकांची नावं नव्हेत. ते रस्ते आहेत, माल त्यावरून येतो. विकिमीडियावरचे फोटोही बहुतेक खुल्या परवान्यावर असतात, फुकट सोडलेले नसतात: फोटो काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचं नाव खाली द्यावंच लागतं. तेवढं केलं की मात्र छान सोय आहे.

कवितांकडे येऊ. रोज सकाळी एक कविता, मुलाच्या आवाजात, ही कल्पना गोड आहे. केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला, गोविंदाग्रज १९१९ ला. हवं तेवढं म्हणा. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं सगळं १ जानेवारी २०११ पासून मोकळं. पण आपल्या बेळगावच्या इंदिरा संत? त्या जुलै २००० मध्ये गेल्या. त्यांच्या कवितांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत आहे. आपल्याच गावच्या म्हणून त्या आपल्या, हे मनाला पटतं, कायद्याला नाही. त्यांच्या कवितेवर तुम्ही लिहा, चार ओळी उद्धृत करून त्या का आवडतात ते सांगा. समीक्षेसाठी योग्य तेवढा उतारा घेता येतो. वर्गात फळ्यावर आख्खी कविता लिहून शिकवा, झेरॉक्स वाटा. अध्यापनासाठी मुभा आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्याससाहित्याच्या झेरॉक्सच्या खटल्यात ती मुभा बरीच ऐसपैस धरली. पण पूर्ण कवितेचा पोस्टर करून जगाला वाटणं हे अध्यापन नव्हे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफचंही तेच. उतरवून घेता येते म्हणून आपल्या साइटवर पुन्हा चढवता येते असं नाही. दुवा द्या, पोरं तिथून घेतील.

आणखी एक, याचा मला फार राग येतो. कवितेतलं एखादं कडवं गाळून, कठीण शब्द "सोपा" करून टाकणारे लोक. लेखकाला नाव मिळण्याचा आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कायद्यानं वेगळा दिलाय. त्यानं कॉपीराइट विकला तरी तो हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि मागे वारस तो चालवू शकतात. कडवं आवडत नसेल तर दुसरी कविता घ्या.

तुमचे कन्नडमधून केलेले अनुवाद मी वाचले. दुसरा फार छान उतरलाय. पण अनुवाद करून प्रसिद्ध करायचा हक्क मूळ कवीकडेच असतो, हे आपल्या दुभाषी मुलखात कुणाच्या ध्यानातच येत नाही. कारण इथं अनुवाद ही बाजारात रोज करायची गोष्ट आहे. बेंद्रे घरी मराठी बोलायचे, म्हणून त्यांचं कन्नड आपल्याला मोकळं होत नाही. ते ऑक्टोबर १९८१ मध्ये गेले, हक्क ३१ डिसेंबर २०४१ पर्यंत. कुवेंपू १९९४ चे, म्हणजे २०५४. बसवण्णांची वचनं बाराव्या शतकातली, त्यांचा अनुवाद आज रात्री करून उद्या घाला. मात्र स्वतः मूळ कन्नडवरून करा. दुसऱ्या कुणी आधुनिक अभ्यासकानं केलेला मराठी अनुवाद समोर ठेवून चार शब्द फिरवले तर तो त्यांच्या अनुवादावर हात टाकणं झालं. आणि हो, तुमच्या अनुवादावर तुमचा स्वतंत्र हक्क तयार होतो. मूळ कवीच्या घरच्यांना पत्र लिहायला लाजू नका, कन्नडमध्ये लिहा.

सरकारी कागदांपुरती आपल्यासाठी एक बरी गोष्ट सांगून पुढं जातो. राजपत्रातला मजकूर, न्यायालयाचे निकाल, विधिमंडळापुढे मांडलेले आयोगांचे अहवाल पुन्हा छापता येतात, मनाई केलेली नसेल तर. कायद्याचा आणि नियमांचा मराठी अनुवाद सरकारनं काढलेला नसेल, तर तुम्ही स्वतः करून प्रसिद्ध करू शकता. फक्त ठळक जागी लिहायचं की हा अनुवाद शासनानं अधिकृत मानलेला नाही. कन्नडमधला कायदा-नियम समजेना म्हणून जी माणसं तुमच्याकडे येतात, त्यांच्यासाठी ही सवलत सोन्यासारखी आहे आणि आपल्याकडे ती फारसं कुणी वापरत नाही. बेळगाव जिल्ह्याचं १८८४ चं जुनं गॅझेटियर तर पूर्ण मोकळं आहे, गावाच्या इतिहासाचं पान त्यावरून करा.

कात्रणं. "बातमी आमच्याच शाळेची" हे खरं, पण शब्द बातमीदाराचे आणि फोटो छायाचित्रकाराचा. घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. ती तुमच्या शब्दांत लिहा, कोणत्या दैनिकात कोणत्या तारखेला आलं ते सांगा, ऑनलाइन असेल तर दुवा द्या. कात्रणंच हवीत तर संपादकांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. माझ्या अनुभवात स्थानिक दैनिकं शाळेला नाही म्हणत नाहीत, फक्त विचारायला माणूस जात नाही.

शताब्दी समारंभातलं पाहुण्यांचं भाषणही यात धरा, तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत पण ते शूट केलंय हे मला माहीत आहे. जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली साहित्य संमेलनं मोबाइलवर थेट दाखवली जातात, तेव्हा मंडपात कुणी वक्त्याला विचारतं का? पुढच्या वेळी पाहुण्यांना आमंत्रणपत्र पाठवतानाच एक ओळ घाला: भाषणाचं चित्रण शाळेच्या चॅनेलवर ठेवलं जाईल, हरकत असल्यास कळवावं, आणि उत्तरात होकार लेखी मागून घ्या. भाषणाचा वृत्तांत लिहायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.

ओव्यांचा भाग मला सगळ्यात जवळचा. जात्यावरची पारंपरिक ओवी कुणा एकाची नाही, तिच्यावर कॉपीराइट नाही. पण ती गाणाऱ्या आज्जीला कलाकार म्हणून स्वतःचा हक्क आहे, पन्नास वर्षांचा. तिच्या संमतीवाचून रेकॉर्डिंग करणं आणि ते प्रसारित करणं चालत नाही. आणि पारंपरिक कोणती, तिची स्वतःची कोणती, हे आधी नीट ऐका. लोंढ्याच्या अलीकडच्या एका गावात एक आज्जी मला सांगत होत्या, "माजं काय न्हाई त्यात, आयचं हाय समदं." पंधरा-वीस ओव्या सीतेच्या, विठ्ठलाच्या झाल्या आणि मग आली:

लोंढ्याच्या गाडीवरी, भाऊ माझा गार्ड झाला
हिरव्या बावट्यानं, मला गं रामराम केला

मी थांबवलं. "आज्जी, तुमच्या आईचा भाऊ रेल्वेत होता?" म्हणाल्या, "न्हाई वो, माजा." म्हणजे ही ओवी आईची असणं शक्यच नव्हतं, ती त्यांनी स्वतः केलेली होती, आणि आयुष्यभर आईच्या खात्यावर जमा केली होती. त्या ओवीच्या कवयित्री त्या. आम्ही व्हिडिओखाली तसं नाव लिहिलं. संमती घेताना अंगठ्याचा कागद पुढं करू नका, माणसं घाबरतात, जमिनीचा व्यवहार वाटतो. मोबाइल सुरू ठेवून नातवाच्या समोर विचारा: हे गाणं सगळीकडे दिसेल, चालेल का, नाव घालू का. तिचं "व्हय" रेकॉर्ड होऊ द्या. वर नातवाकडून दोन ओळी लिहून घ्या.

परवानगीच्या पत्राची भाषा साधी ठेवा, पण दोन शब्द विसरू नका. परवान्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट दुबईतल्या माजी विद्यार्थ्यालाही दिसणार, आणि पाच वर्षांनी पुन्हा घरोघर फिरायला कुणाला वेळ आहे? मी असं लिहून घेतो: "माझे वडील कै. अमुक यांची १९७४ च्या स्मरणिकेतील पान १२ वरील कविता शाळेच्या वेबसाइटवर व यूट्यूब चॅनेलवर, कवीच्या नावासह, कोणताही बदल न करता, विनामूल्य, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभर प्रसिद्ध करण्यास आम्हा सर्व वारसांची संमती आहे. मूळ हक्क आमच्याकडेच राहील." खाली तारीख, सह्या. सगळ्या भावंडांच्या, बरं का. एका भावानं दिलेली संमती दुसऱ्यानं मोडीत काढल्याचं मी पाहिलंय, आणि भांडण कवितेचं नव्हतंच, घराच्या वाटणीचं होतं. लांबच्यांचा होकार ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर चालतो. स्क्रीनशॉट काढून छापून वहीत चिकटवा. जाताना अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावची मिठाई, न्या. कायद्यात नाही, पण वारसांचं दार उघडतं, आणि पुष्कळदा आतून आणखी एक जुनी वहीसुद्धा बाहेर येते.

वारस सापडलेच नाहीत तर ते पान तूर्त बाजूला ठेवायचं. अनुक्रमणिकेत नाव दाखवा, पानाच्या जागी "लेखकाच्या वारसांचा शोध सुरू आहे" असं लिहा. लोक फोन करतात. एका अंकाच्या वेळी चार वारस मला अशाच रिकाम्या पानांनी मिळवून दिले.

साइटच्या अक्षरांचं एक सांगतो. तुमचा डीटीपीवाला छपाईसाठी वापरतो तो फॉन्ट त्यानं विकत घेतला असला तरी वेबसाइटवर चालवण्याचा परवाना त्यात असेलच असं नाही. मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत, 'मुक्त' नावाचाच एक आहे. तो घ्या.

शेवटी तुमचा तो प्रश्न, तुमचं साहित्य दुसऱ्यानं उचललं तर? नोंदणी केली नाही तरी हक्क तुमचाच. लिहिलं तेव्हाच तो जन्मला. नोंदणी पुरावा म्हणून कामी येते, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो. स्मरणिकेच्या संपादित ई-आवृत्तीसाठी करून ठेवा, एकेका पोस्टसाठी करत बसू नका. कुणी उचललं तर आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग त्या माणसाला साधा निरोप. दहातले आठ जण तेवढ्यावर काढतात किंवा नाव घालतात. नाहीच ऐकलं तर ज्या सेवेवर ते ठेवलंय तिला लेखी तक्रार द्या. आपल्या २०१३ च्या नियमांत अशा तक्रारीवर ३६ तासांत तो मजकूर थांबवायची तरतूद आहे, २१ दिवसांपर्यंत. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. दावा लावायची वेळ आलीच तर तो आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, दुसऱ्याच्या गावी जावं लागत नाही.

स्मरणिका स्कॅन करायच्या आधी तिच्या गंजलेल्या पिना काढा, जोर लावून उघडू नका. खानापूरच्या पावसानं कागद आधीच मऊ झालाय. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकलेच्या सरांचे घरचे वडगावात असतात, माझ्या ओळखीचे आहेत. निरोप मी पोचवतो. पत्र मात्र तुम्ही लेटरहेडवर घेऊन या, आणि त्यात "जगभर" लिहायला विसरू नका.